एका कामाचे दोन दाम

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मी दहिसरला राहतो आणि आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. खजिनदार म्हणजे तिजोरी सांभाळणारा असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाका. पाण्याचं बिल, लिफ्टचं बिल आणि वॉचमनचा पगार हे तीन चेक दर महिन्याला लिहायचे, एवढंच ते काम. आजची गोष्ट त्यातल्या तिसऱ्या चेकची आहे.

आमच्या फाटकावर दोन वॉचमन आहेत. दिवसपाळीला आहेत त्यांना सगळे ‘मामा’ म्हणतात. ते वीसेक वर्षांपासून आमच्याकडे आहेत, त्यांचा पगार सोसायटी थेट त्यांच्या हातात देते. रात्रपाळीला एक तरुण मुलगा असतो. तो एजन्सीकडून आला आहे. खुर्ची एक, वही एक, काठी एक, शिट्टी एक. पाळीही दोघांची बारा तासांचीच. सोसायटीच्या खात्यातून दोघांसाठी जवळजवळ सारखीच रक्कम जाते. पण मामांच्या हातात जेवढे पैसे पडतात त्याच्या दोनतृतीयांशच त्या मुलाच्या हातात पडतात. मधला भाग एजन्सीचा.

गेल्या सर्वसाधारण सभेत मी हे बोलून दाखवलं. लगेच एक सभासद म्हणाले, “अहो, बाजारभाव आहे तो. त्यात आपण काय करणार?” कुणी पुढे बोललं नाही आणि सभा पुढच्या विषयाकडे, म्हणजे गच्चीच्या गळतीकडे वळली.

मला मात्र तो ‘बाजारभाव’ शब्द काही सोडेना. पगारातला फरक हा खरोखर पावसासारखा आभाळातून पडतो का? की त्यामागे माणसं असतात, त्यांनी बसवलेले नियम असतात, उघडी आणि बंद दारं असतात? याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. दहिसरहून चर्चगेट लोकल पकडून लोअर परळला उतरलं तरी पुरे. पण त्याआधी थोडा वेळ आपण युरोपात जाऊन येऊ, कारण पगारातली विषमता मोजायची कशी, हे तिथल्या आकड्यांवरून चटकन कळतं.

दोन मोजपट्ट्या

पगाराची तुलना दोन तऱ्हांनी करता येते. एक म्हणजे देशादेशांतली. २०२४च्या जानेवारीत लक्झेंबर्गमध्ये कायद्याने ठरलेलं किमान वेतन महिन्याला २,५७१ युरो होतं, तर बल्गेरियात ४७७ युरो. पाचपटीहून जास्त फरक. दोन्ही देश युरोपीय संघातलेच. अर्थात बल्गेरियात भाजीपाला आणि घरभाडंही स्वस्त, त्यामुळे प्रत्यक्षातलं अंतर आकड्यात दिसतं तेवढं नसतं.

दुसरी तुलना देशाच्या आतली, आणि माझ्या मते जास्त बोलकी. देशातल्या सगळ्या पगारदारांना तासाच्या कमाईप्रमाणे एका रांगेत उभं करा. अगदी मधोमध जो उभा असेल त्याची कमाई धरा. त्या कमाईच्या दोनतृतीयांश किंवा त्याहून कमी ज्याला मिळतं, तो अल्पवेतनी. युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय दर चार वर्षांनी अशी पाहणी करतं. २०१८च्या पाहणीत लॅटव्हियात शंभरातले साडेतेवीस कामगार या रेषेखाली होते. स्वीडनमध्ये शंभरातले चारसुद्धा नव्हते, ३.६ टक्के.

आता यातली गंमत बघा. लॅटव्हियात किमान वेतनाचा कायदा आहे. स्वीडनमध्ये असा कायदाच नाही! डेन्मार्क, फिनलंड, इटली इथेही नाही, आणि या तिन्ही देशांत अल्पवेतनी लोकांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आतच निघालं. मग फरक कशाने पडला? या देशांत पगार बहुतांशी संघटना आणि मालक यांच्या सामुदायिक करारांनी ठरतात. एका कारखान्यापुरते नाहीत, तर अख्ख्या उद्योगाचे. म्हणजे कुठल्या कामाला काय दाम, याची एक यादी असते, आणि ती सगळ्यांना दिसते.

‘यादी’ हा शब्द जरा लक्षात ठेवा. कारण याच यादीसाठी मुंबईच्या गिरणी कामगारांनी एकदा सहा महिने चूल जेमतेम पेटती ठेवून लढा दिला होता.

गिरणीतले पगार

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला उभारायला घेतली आणि १८५६ साली ती चालू झाली. पुढच्या सत्तर वर्षांत शहरात ऐंशीच्या आसपास गिरण्या झाल्या आणि दीड लाखाच्या घरात माणसं त्यांत राबू लागली. बरीचशी रत्नागिरी, सातारा, पुण्याकडची, काही उत्तर हिंदुस्थानातली. पण या माणसांना नेमकं मिळतं काय, हे सरकारलाही धड ठाऊक नव्हतं. १९२१ साली मुंबई सरकारने लेबर ऑफिस सुरू केलं आणि त्या वर्षीच्या मे महिन्यातले गिरणी कामगारांचे पगार तपासले. तो अहवाल १९२३ साली छापून निघाला.

अशा पाहण्यांतून समोर आला तो निव्वळ गोंधळ. एकाच कामाला या गिरणीत एक दर, रस्त्यापलीकडच्या गिरणीत दुसरा. कामांची नावंसुद्धा गिरणीगणिक वेगळी. कुणाला रोजावर पैसे, कुणाला कामावर. विणकराची मजुरी बहुतेक ठिकाणी कापडाच्या वजनावर, म्हणजे पौंडावर ठरे. बारीक सुताचं कापड वजनाला हलकं. दर वाढवून दिला नाही तर कष्ट तेवढेच, किंबहुना जास्त, आणि पैसे कमी. कापडात खोट निघाली तर ते कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापून घ्यायची, अशीही रीत होती. पगार महिन्याचा, आणि तोही पुढचा महिना निम्मा सरल्यावर हातात पडायचा. तोवर वाण्याकडे आणि पठाणाकडे उधारी.

आणि या सगळ्याच्या मधे उभा असायचा जॉबर. माणूस कामावर घेणं, काढणं, रजा देणं त्याच्या मुठीत. कामावर लागायचं तर त्याचा हात ओला करावा लागे. बायकांच्या खात्यात हेच काम करणारीला ‘नायकीण’ म्हणत. सकाळी भोंग्याच्या वेळी फाटकाशी बदली कामगारांची रांग लागायची. कायम माणूस आला नाही तर त्या दिवसापुरतं याचं नशीब. कामाचा दाम आणि माणसाच्या हातात पडणारा दाम यांत जो फरक पडे, तो असा वाटेतच मुरत असे. आमच्या रात्रपाळीच्या मुलाची एजन्सी मला त्या जॉबरची आठवण करून देते, ती यामुळेच.

तेच माग, वेगळी माणसं

गिरणीच्या आतही सगळी खाती सारखी नव्हती. विणकाम खातं हे मानाचं आणि पैशाचं. विणकराची कमाई सूतकताईच्या रिंग खात्यातल्या साध्या कामगारापेक्षा बरीच जास्त, कित्येकदा दुपटीच्या आसपास जायची. सगळ्यांत तळाशी वायंडिंग आणि रीलिंग खात्यांतल्या बायका, म्हणजे कांड्या भरणाऱ्या आणि सुताच्या लडी करणाऱ्या. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांमागे एक बाई होती, आणि त्यातल्या बहुतेक याच दोन खात्यांत.

कुणी म्हणेल, विणकाम कौशल्याचं काम, त्याला जास्त पैसे मिळणारच. मान्य. पण मग प्रश्न असा की हे कौशल्य शिकायला कुणाला मिळत होतं?

दलित कामगारांना विणकाम खात्यात प्रवेशच नव्हता. कारण होतं धोटा. मागावर धोटा इकडून तिकडे धावतो. त्यातली कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. विणकर धोटा ओठाला लावून श्वास आत घेई आणि सूत बाहेर येई. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हातात जाणार, म्हणून सवर्ण विणकरांचा दलितांना विरोध. पिण्याच्या पाण्याचे माठ वेगळे होतेच, आता धोटाही बाटू लागला. हे गाऱ्हाणं मालकाचं नव्हतं. ते कामगाराचं कामगाराविरुद्धचं होतं. परिणाम असा, की एका अख्ख्या समाजाची कमाई रिंग खात्याच्या पगारापाशीच अडकून राहिली. ‘विणकराला जास्त मिळतं, रिंगवाल्याला कमी’ हा झाला बाजारभाव. रिंगवाला विणकर का होऊ शकत नाही, याचा बाजाराशी काय संबंध?

आता याच गोष्टीकडे इंग्लंडातून पाहू. मुंबईच्या गिरण्यांतली बरीचशी यंत्रं इंग्लंडातल्या लँकेशायर परगण्यातून आलेली. ऑल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं नाव तर गिरणगावात घरोघरी माहीत होतं. त्या लँकेशायरमध्येही विणकर धोट्यातून तसंच तोंडाने सूत ओढत. त्याला ते ‘शटलचं चुंबन’ म्हणत. तिथे यावर जी तक्रार झाली ती रोगराईची, विटाळाची नव्हे. आणि दुसरी गोष्ट म्हणजे तिथे मागावर बायका मोठ्या संख्येने होत्या. ब्लॅकबर्नमध्ये १८५३ साली आणि पुढे सगळ्या लँकेशायरसाठी १८९२ साली विणकामाच्या मजुरीची एक यादी ठरली. कापडाची रुंदी किती, लांबी किती, इंचात धागे किती, यावर दाम. विणणारा बाप्या आहे की बाई, हा रकानाच त्यात नव्हता. एका कापडाला एक दर.

लँकेशायर काही रामराज्य नव्हतं बरं का. तिथल्या म्यूल यंत्रावरच्या सूतकताईत पुरुषांच्या संघटनेने बायकांना शिरू दिलं नाही, आणि मुख्य कातणाऱ्याच्या हाताखालच्या पोरांना अगदीच थोडके पैसे मिळत. म्हणजे बंद दारं तिथेही होती, फक्त ती दुसऱ्या खात्याला होती. पण आपल्याला हवा तो धडा यातून मिळतो. यंत्र तेच, धोटा तोच, कापडही तेच. लँकेशायरमध्ये माग बाईला पुरुषाच्या बरोबरीने कमावू देत होता, मुंबईत त्याच मागाजवळ ना बाई दिसे ना दलित. हा फरक यंत्राने केलेला नव्हता, तो माणसांनी ठरवलेला होता.

अठ्ठावीसचा संप

१९२८च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि ऑक्टोबरपर्यंत बंदच राहिल्या. सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. मालकांना एका विणकराने दोनऐवजी तीन माग चालवायला हवे होते, आणि तशाच आणखी काही ‘कार्यक्षमते’च्या योजना होत्या. एका बाजूला ना. म. जोशी यांची मवाळ संघटना, दुसऱ्या बाजूला त्याच संपात जन्मलेली, श्रीपाद अमृत डांगे आणि त्यांच्या साथीदारांची लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे हे पुढारी एका संयुक्त समितीत बसले आणि त्यांनी सतरा मागण्या मांडल्या. त्या वादाच्या केंद्रस्थानी होती पगारांच्या प्रमाणीकरणाची गोष्ट. सगळ्या गिरण्यांत एका कामाचं एक नाव आणि एका कामाला एक दाम.

याच वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे एक साधा प्रश्न ठेवला. विणकाम खातं आमच्या लोकांना बंद आहे, ते उघडण्याची मागणी तुमच्या यादीत आहे का? नसेल तर मी त्यांना संपापासून दूर राहायला सांगेन, असंही त्यांनी बजावलं. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घेतली. मालकांसमोर ती ठेवल्यावर त्यांनी कामगार पुढाऱ्यांनाच उलट सुनावलं, की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. दुर्दैवाने ते खरं होतं.

मला हा प्रसंग पगाराच्या सगळ्या इतिहासात फार मोलाचा वाटतो. ‘समान कामाला समान दाम’ ही मागणी योग्यच होती. पण ज्याला ते काम करूच दिलं जात नाही, त्याला त्या समान दामाचा उपयोग काय? यादीत दर सारखे झाले तरी दाराशी कोण अडवतो, हे यादी सांगत नाही. बाबासाहेबांनी बोट ठेवलं ते तिथे. पुढे १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला तेव्हा ते आणि डांगे एकाच बाजूला उभे होते. अठ्ठावीसचा रोखठोक सवाल विचारणारा माणूस संपाचा शत्रू नव्हता, तो संप पुरा करू पाहत होता.

संप मिटला, न्यायमूर्ती चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १९२९च्या मार्चमध्ये तिचा अहवाल आला. पण त्याच महिन्यात मीरत कटाच्या खटल्यासाठी पुढाऱ्यांची धरपकड झाली, एप्रिलमध्ये दुसरा सार्वत्रिक संप सुरू झाला आणि फसला. प्रमाणीकरणाची योजना कागदावरच राहिली.

तीस रुपये आणि बहात्तर वार

ती यादी यायला १९४७ साल उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात, म्हणजे स्वातंत्र्याच्या अडीच महिने आधी, मुंबईच्या औद्योगिक न्यायालयाने निवाडा दिला. सर्वांत खालच्या कामगाराला सव्वीस दिवसांच्या महिन्याचा मूळ पगार किमान तीस रुपये, आणि बाकी कामांचे दर त्या पायावर ठरवून दिलेले. शिवाय महागाई निर्देशांकाशी बांधलेला महागाई भत्ता. अठ्ठावीस साली जे मागितलं ते एकोणीस वर्षांनी मिळालं.

त्या महागाई भत्त्यात एक खुबी होती. तो मूळ पगाराच्या टक्केवारीने नव्हता, लहानमोठ्या सगळ्या कामगारांना सारखाच होता. याचा परिणाम कसा होतो पाहा. समजा, एकाचा मूळ पगार तीस आणि दुसऱ्याचा साठ, म्हणजे दुप्पट. दोघांना भत्ता साठ-साठ मिळाला की एकाचे झाले नव्वद, दुसऱ्याचे एकशेवीस. दुपटीचं अंतर दीडपटीच्याही आत आलं. कुणाचा पगार न कापता विषमता कमी झाली. १९७५ साली इटलीत मालक आणि कामगार संघटनांनी महागाई भत्ता सर्वांना सारखा देण्याचा करार केला आणि तिथली पगारातली दरी झपाट्याने बुजू लागली. मुंबईच्या गिरण्यांत ती युक्ती कितीतरी आधीपासून चालू होती. आपल्या या इतिहासाची आपल्यालाच फारशी माहिती नाही.

दहा वर्षांनी, १९५७ साली, पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचा हिशेब मांडला. कुटुंबाला लागणारं अन्न, घरभाडं, इंधन, आणि माणशी वर्षाला अठरा वार कापड. चार माणसांचे बहात्तर वार. मैलोगणती कापड विणणाऱ्याच्या घरात वर्षाला बहात्तर वार कापड यावं, एवढी ती अपेक्षा! त्याच हिशेबात कमावणारा माणूस म्हणजे एक एकक, बायको पाऊण एककाहून थोडी जास्त, म्हणजे ०.८, आणि दोन मुलं प्रत्येकी ०.६. बेरीज तीन. घरच्या बाईची कमाई हिशेबात धरायचीच नाही, आणि तिची भूकही पुरुषापेक्षा कमी धरायची. विषमता मोजायच्या काट्यातच थोडी विषमता राहून गेली ती अशी.

बायकांच्या कामाची ‘प्रतवारी’ हा तर सगळ्या जगाचाच जुना आजार. १९६८ साली लंडनजवळ डॅगनमला फोर्ड मोटारीच्या कारखान्यात आसनांची कव्हरं शिवणाऱ्या बायकांनी संप केला, कारण त्यांचं शिवणकाम ‘अकुशल’ ठरवलं होतं. त्यांच्या संपातून १९७०चा समान वेतनाचा ब्रिटिश कायदा आला. पण कुशल कामाची प्रत मात्र त्यांना १९८४ साली मिळाली. आपल्याकडे समान मोबदल्याचा कायदा १९७६चा. तोवर मुंबईच्या गिरण्यांतून बायका जवळजवळ नाहीशाच झाल्या होत्या. दर सारखे व्हायची वेळ आली तेव्हा कामच उरलं नव्हतं.

यादीबाहेरचे

१९४७चा मुंबईचा निवाडा आणि स्वीडन यांची तुलना केल्यावाचून मला राहवत नाही. १९५१ साली स्वीडनच्या कामगार महासंघापुढे योस्टा रेन आणि रुडॉल्फ माइडनर या दोन अर्थतज्ज्ञांनी आपला विचार मांडला. एका कामाला सगळ्या देशात एक दाम, मग कारखाना नफ्यात असो की तोट्यात. ज्याला तो दाम परवडत नाही, तो कारखाना बंद पडला तरी चालेल. मात्र तिथल्या कामगाराला नवं काम शिकवून दुसरीकडे लावण्याची जबाबदारी सरकारने घ्यायची. तीसेक वर्षं तिथे पगार मध्यवर्ती वाटाघाटींतून ठरले. १९८३ साली ती घडी मोडली, तरी वर सांगितलेला ३.६चा आकडा ही त्याच दिवसांची पुण्याई.

आपल्याकडे यादी आली, पण ती मुंबईच्या गिरण्यांपुरती. भिवंडीचे यंत्रमाग तिच्याबाहेर. बदली कामगार आत होता, पण महिन्यातले किती दिवस काम मिळेल याची शाश्वती नव्हती. आणि योग्य वेतन समितीने १९४९ साली योग्य वेतनाची वरची मर्यादा ठरवली ती उद्योगाच्या देण्याच्या ताकदीवर. व्यवहारात याचा अर्थ असा झाला, की बलदंड गिरणीतल्या कामगाराचाही पगार कमजोर गिरणीकडे बघून ठरू लागला. तिकडे मोटारी, औषधं, यंत्रसामग्री यांच्या कारखान्यांत कंपनीवार करार होऊन पगार भराभर वाढत होते. एकाच चाळीतल्या दोन भावांपैकी गिरणीतला मागे पडला आणि औषध कंपनीतला पुढे गेला. मुंबईतली पगाराची दरी आता गिरणीच्या आत नव्हती, गिरणी आणि बाकीचे कारखाने यांच्यामध्ये होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यामागे ही सल होती. पगारवाढ हवी होती, बदल्यांना कायम करा ही मागणी होती आणि मान्यताप्राप्त संघटनेची मक्तेदारी नको होती. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. स्वीडनमध्ये कारखाना बंद पडला तर कामगाराला नवं काम शिकवायची सोय होती. इथे गिरणी बंद पडल्यावर कामगाराला कुणी विचारलं नाही. कुणी गावी गेला, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी खोली विकून वसईविरारकडे सरकला, आणि कुणी दुसऱ्याच्या इमारतीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसला.

आमचे मामा हे त्यांतलेच. संपाआधी दोन वर्षं ते बदली कामगार होते. वीस वर्षांचं पोर. कायम होण्याची वाट पाहत असतानाच संप झाला. हे मला त्या सभेनंतर कळलं. वीस वर्षं त्यांच्या हातात पगार ठेवतो आहे, पण तुम्ही आधी काय करत होता, हे मी कधी विचारलं नव्हतं.

सभेत मी काय बोललो, तेही त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाले, “साहेब, माझ्या वेळी जॉबरला एकदाच द्यावे लागत. या पोराचे दर महिन्याला जातात.”

१९५७ साली बृहन्मुंबईची हद्द वाढली तेव्हा दहिसर मुंबईत आलं. १९४७चा तो निवाडा झाला तेव्हा आमचं गाव ठाणे जिल्ह्यात होतं, शहराच्या बाहेर आणि यादीच्याही बाहेर. आता दहिसर मुंबईत आहे, पण यादीबाहेरचं जगच शहरभर पसरलं आहे. कंत्राटी झाडूवाला, कंत्राटी शिक्षक, कंत्राटी परिचारिका, एजन्सीचा वॉचमन. २६ ऑक्टोबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात समान कामाला समान वेतन हे तत्त्व त्यांनाही लागू आहे, असा निर्वाळा दिला. १९४८चा किमान वेतनाचा आणि १९७६चा समान मोबदल्याचा, असे दोन्ही कायदे आता २०१९च्या वेतन संहितेत विलीन झाले आहेत आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कागद आहेत. पण अठ्ठावीस सालच्या कामगारांनाही ठाऊक होतं आणि बाबासाहेबांनाही, की कागदावर दर लिहिणं हे अर्धं काम. तो दर कुणापर्यंत पोचतो आणि वाटेत कोण उभा आहे, हे पाहणं हे उरलेलं अर्धं.

म्हणून पुढच्या सभेसाठी मी एक ठराव लिहून ठेवला आहे. रात्रपाळीच्या मुलालाही सोसायटीने थेट नेमावं, मामांच्याच दराने. हिशेब मी करून पाहिला आहे, सोसायटीला जवळजवळ काहीच जास्त पडत नाही. ठराव मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही. गच्चीची गळती अजून तशीच आहे आणि लोकांचं लक्ष तिकडेच जास्त. पण या वेळी कुणी ‘बाजारभाव’ म्हणालं, तर त्यांना मी धोट्याची गोष्ट सांगणार आहे.